दुभाष्याच्या हातांची साक्ष

दुभाषी हे आडनाव गोव्यात आणि कारवारकडे आजही आढळते. पूर्वजांपैकी कोणीतरी दोन भाषांच्या मध्ये उभे राहून एकाचे बोलणे दुसऱ्याला समजावून देत असले पाहिजे, एवढा इतिहास त्या एका शब्दात साठलेला आहे. १६७४ साली शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला, तेव्हा त्याच्याबरोबर नारायण शेणवी हा दुभाषी होता. कचेरीत एक भाषा, बाजारात दुसरी आणि घरात तिसरी बोलणाऱ्या आपल्यासारख्या लोकांना दुभाष्याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. आपले शब्द दुसऱ्याच्या तोंडून बाहेर पडताना त्यांत किती भर पडते आणि किती गळती होते, याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला आहे.

परंतु अशा प्रसंगी आपल्याजवळ एक संरक्षण असते. समोरची भाषा बोलता आली नाही, तरी तिचे दोनचार शब्द आपल्या कानांवरून गेलेले असतात. शिवाय दोन्ही भाषा थोड्याफार जाणणारा तिसरा कोणी कोर्टात वा कचेरीत बहुधा असतोच. दुभाष्याने ‘नाही’चे ‘होय’ केले, तर कोठून तरी हरकत येते. आज ज्या दुभाष्यांसंबंधी मी बोलणार आहे, त्यांच्या बाबतीत हे संरक्षण जवळजवळ नसते. ते कर्णबधिर माणसाच्या खुणांचे बोलण्यात आणि इतरांच्या बोलण्याचे खुणांत रूपांतर करतात. दुभाषी काय बोलला हे कर्णबधिर माणसाला ऐकू येत नाही. त्याने कोणती खूण केली हे न्यायाधीशाला, डॉक्टरला किंवा फौजदाराला कळत नाही. दोन्ही पक्ष त्याच्यावर सारखेच विसंबून असतात आणि दोघांपैकी एकालाही त्याचे काम तपासता येत नाही. मग या माणसाच्या हातांची हमी कोणी द्यावयाची? ती राज्यसंस्थेने दिली पाहिजे, हे आता बहुतेक ठिकाणी मान्य झाले आहे. ती कशी द्यावयाची आणि आपल्या देशात ती कोठवर दिली गेली आहे, हे पाहण्याचा आजचा विचार आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. खुणांची भाषा म्हणजे हातवारे, आणि हातवारे कोणालाही समजतात, अशी आपली समजूत असते. वस्तुतः ती इतर भाषांसारखीच व्याकरण असलेली भाषा आहे, आणि देशोदेशी ती निरनिराळी आहे. अमेरिकेतील कर्णबधिरांची भाषा एक, इंग्लंडमधील दुसरी आणि आपल्याकडील भारतीय सांकेतिक भाषा तिसरी. हिच्यात प्रश्नवाचक शब्द सामान्यतः वाक्याच्या शेवटी येतो, ‘कोण आला?’ हे विचारताना खुणांचा क्रम ‘आला कोण’ असा होतो. हातांच्या खुणा त्याच ठेवून केवळ भुवया उंचावल्या, की विधानाचा प्रश्न बनतो. ‘विचारणे’, ‘देणे’ यांसारख्या क्रियापदांची खूण कोणाकडून कोणाकडे वळली, यावरून कर्ता कोण आणि कर्म कोण हे ठरते. आता कोर्टातील साक्षीचा विचार करा. कोणी कोणाला दिले, कोणी कोणाला विचारले, यावरच पुष्कळदा खटल्याचा निकाल अवलंबून असतो. आणि तो फरक येथे हाताच्या दिशेत दडलेला असतो. ‘तू त्याला पाहिलेस’ आणि ‘तू त्याला पाहिलेस का’ यांतील अंतर भुवईएवढे आहे. चार खुणा शिकलेल्या सद्गृहस्थाला ते दिसेलच असे नाही.

आपल्या कायद्याने खुणांची दखल फार पूर्वी घेतली, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या ११९ व्या कलमात असे म्हटले होते की, ज्या साक्षीदाराला बोलता येत नाही त्याने लिहून किंवा खुणांनी साक्ष द्यावी. मात्र ते लेखन वा त्या खुणा भर कोर्टात झाल्या पाहिजेत, आणि अशी साक्ष तोंडी साक्षच समजली जाईल. त्या काळाच्या मानाने हे उदार कलम होते. परंतु त्यात एक पोकळी राहिली. खुणा कोर्टात व्हाव्यात, हे कायद्याने सांगितले. त्या वाचावयाच्या कोणी, हे सांगितले नाही. पुढची सुमारे १४० वर्षे ही जागा ज्याला जसे सुचेल तसे भरून काढण्यात आली. कधी शाळेचे शिक्षक बोलावले जात, कधी शेजारी, आणि पुष्कळदा घरचेच माणूस.

याचा परिणाम काय होतो, हे राजस्थानातील एका खून खटल्यात स्पष्ट दिसले. सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निकाल मे २०१२ मध्ये दिला. मृत मनुष्याची पत्नी ही घटनेची प्रत्यक्षदर्शी साक्षीदार होती आणि ती कर्णबधिर होती. तिच्या खुणांचा अर्थ कोर्टाला तिचे वडील सांगत होते. वडील या प्रकरणी तटस्थ नव्हते, तपासातही त्यांनी साहाय्य केले होते. आणि दुभाषी म्हणून त्यांना शपथ देण्यात आली नव्हती. तिने कोणत्या खुणा केल्या, याचीही नोंद झाली नव्हती. होता तो फक्त त्यांचा सांगितलेला अर्थ. अशा साक्षीवर विसंबता येत नाही, असे न्यायालयाने ठरविले आणि उच्च न्यायालयाने दिलेली दोषमुक्ती कायम राहिली. कर्णबधिर व्यक्ती सक्षम साक्षीदार आहे, हे त्याच निकालात निःसंदिग्धपणे सांगितलेले आहे. लिहितावाचता येत असेल तर लेखी साक्ष घेणे उत्तम. एरवी दुभाषी साक्षीदाराच्याच परिसरातील असावा, मात्र खटल्यात त्याचा हितसंबंध नसावा, त्याला शपथ द्यावी, आणि अर्थाबरोबर खुणाही नोंदवाव्यात, असे मार्गदर्शन न्यायालयाने केले. पतीचा खून पाहिलेल्या स्त्रीची साक्ष निरुपयोगी ठरली, ती तिच्या सांगण्यात खोट सापडली म्हणून नव्हे. तिच्या आणि कोर्टाच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसाची हमी कोणी घेतली नव्हती, म्हणून.

याच सुमारास कायद्यातही बदल झाले. २०१३ च्या फौजदारी कायद्यांतील दुरुस्तीने ११९ व्या कलमात भर घातली: साक्षीदार बोलून व्यक्त होऊ शकत नसेल, तर कोर्टाने दुभाष्याचे किंवा विशेष शिक्षकाचे साहाय्य घेतलेच पाहिजे आणि त्या जबानीचे चित्रीकरण केले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. त्याच्या १२५ व्या कलमात हीच तरतूद कायम आहे. चित्रीकरणाचे महत्त्व लहान नाही. मघाशी ज्या अडचणीचा उल्लेख केला, ती यामुळे काही अंशी दूर होते. दुभाष्याने त्या क्षणी केलेली चूक त्या क्षणी कोणाच्या लक्षात आली नाही, तरी ती भाषा जाणणारा दुसरा मनुष्य पुढे केव्हाही ते चित्रण पाहून बोलू शकतो.

लहान मुलांच्या बाबतीत कायदा आणखी पुढे गेला. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा आणि त्याखालील नियम, जे २०२० मध्ये नव्याने करण्यात आले, यांनी प्रत्येक जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात दुभाष्यांचे एक रजिस्टर ठेवण्यास सांगितले आहे. त्यात नाव घालावयाचे तर सांकेतिक भाषेच्या दुभाष्याने मान्यताप्राप्त विद्यापीठाची किंवा भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेल्या संस्थेची योग्य अर्हता मिळविलेली असली पाहिजे. त्याने निःपक्षपाती असावे. हितसंबंध असल्यास तो आपण होऊन उघड करावा. पदरचे काही न घालता व काही न गाळता संपूर्ण आणि अचूक अर्थ सांगावा. आणि कानी पडलेले गुप्त ठेवावे. त्याचा मोबदला शासकीय निधीतून द्यावयाचा असतो. राज्यसंस्थेने दुभाष्याचे नियमन करणे म्हणजे नेमके काय, याचा हा चांगला नमुना आहे: अर्हता, यादी, आचारधर्म आणि मोबदला. यांपैकी एक जरी सुटले, तरी उरलेली तीन लंगडी पडतात.

हमी नसली म्हणजे काय होते, याचे उदाहरण साऱ्या जगाने एकदा पाहिले आहे. १० डिसेंबर २०१३ रोजी जोहान्सबर्ग येथे नेल्सन मंडेला यांची शोकसभा झाली. राष्ट्राध्यक्षांची भाषणे चालू असताना त्यांच्या शेजारी उभा राहून एक मनुष्य हात हालवीत होता. ऐकू येणाऱ्या कोट्यवधी प्रेक्षकांना त्यात काहीही वावगे वाटले नाही. दूरदर्शनच्या पडद्यासमोर बसलेल्या कर्णबधिरांनी मात्र तत्काळ ओळखले की, या खुणांना अर्थच नाही. दक्षिण आफ्रिकेने २०१४ साली भाषाव्यावसायिकांची परिषद स्थापन करून त्यांची नोंदणी करण्याचा कायदा संमत केला. त्याचा मसुदा या प्रसंगापूर्वीच तयार होता, एवढे सांगितले पाहिजे. पुढे २०१७ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात इर्मा नावाचे चक्रीवादळ येऊन ठेपले असताना एका परगण्याच्या अधिकाऱ्यांनी लोकांना सावधगिरीच्या सूचना दिल्या. दुभाषी म्हणून उभा केलेला मनुष्य किनाऱ्यावरील जीवरक्षक होता. त्याचा भाऊ कर्णबधिर असल्यामुळे त्याला थोड्या खुणा येत होत्या. स्थलांतराच्या सूचनेऐवजी कर्णबधिर प्रेक्षकांना दिसले ते ‘पिझ्झा’ आणि ‘राक्षस’ असे शब्द. त्या मनुष्याचा हेतू चांगला असेल, परंतु वादळ दाराशी आले असता चांगल्या हेतूने कोणाचे रक्षण होत नाही.

अमेरिकेतील ही चूक विशेष बोलकी आहे, कारण दुभाष्यांच्या व्यवसायाला शिस्त लावण्याचा उद्योग त्या देशात फार आधी सुरू झाला. १९६४ साली इंडियाना राज्यातील मन्सी या गावी दुभाष्यांनीच आपली नोंदणी संस्था स्थापन केली. १९९० मध्ये अपंग नागरिकांच्या हक्कांचा कायदा झाला आणि त्याखालील नियमांनी ‘पात्र दुभाषी’ म्हणजे कोण, हे सांगितले: जो परिणामकारकपणे, अचूकपणे आणि निःपक्षपातीपणे दोन्ही बाजूंनी भाषांतर करू शकतो आणि त्या प्रसंगाला लागणारी विशेष शब्दावली जाणतो, तो. या व्याख्येत प्रमाणपत्राचे नावही नाही. पुढे काही राज्यांनी परवान्याची अट घातली; इलिनॉय राज्याचा परवान्याचा कायदा २००७ चा आहे. २०१० च्या सुधारित नियमांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट केली. कर्णबधिर माणसाबरोबर आलेल्या नातलगाला रुग्णालयाने किंवा कचेरीने सर्रास दुभाषी बनवू नये, आणि लहान मुलाला तर आणीबाणीखेरीज कधीच बनवू नये, असे त्यांत आहे. आईच्या दुखण्याचे निदान डॉक्टरच्या तोंडून ऐकून ते आईला सांगण्याचे काम दहा वर्षांच्या मुलावर पडावे, ही गोष्ट आपल्या घरी घडली असती तर आपल्याला कसे वाटले असते?

आता आपल्या देशाकडे वळू. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्यांची संख्या ५० लाखांहून अधिक नोंदली गेली. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने पुनर्वासाच्या क्षेत्रातील व्यावसायिकांसाठी एक केंद्रीय नोंदवही निर्माण केली. तीत नाव नसताना व्यवसाय करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षाही ठेवली. परंतु त्या कायद्यातील व्यावसायिकांच्या मूळ यादीत श्रवणतज्ज्ञ, वाचोपचारतज्ज्ञ, श्रवणयंत्राचे तंत्रज्ञ, विशेष शिक्षक अशी नावे होती. दुभाष्याचे नाव नव्हते. कर्णबधिराच्या कानावर आणि वाचेवर उपचार करणाऱ्यांची कायद्याने आठवण ठेवली. त्याची भाषा जाणणाऱ्याचा विसर पडला. त्यावेळी त्या भाषेला भाषा म्हणून मान देणारेच थोडे होते. पुढे चित्र पालटले. मुंबईच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत सांकेतिक भाषेचे शिक्षण सुरू झाले. सप्टेंबर २०१५ मध्ये दिल्लीला भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले आणि तेथे दुभाष्यांसाठी परिषदेने मान्य केलेली पदविका शिकविली जाऊ लागली. त्या केंद्राचा शब्दकोश २०१८ साली ३,००० शब्दांचा होता, तो २०२१ साली १०,००० शब्दांपर्यंत पोचला. त्यात कायदा, वैद्यक आणि शेती यांतील शब्दांचाही समावेश आहे.

२०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा एप्रिल २०१७ पासून अमलात आला. दिव्यांगांची साक्ष, युक्तिवाद किंवा मत त्यांच्या पसंतीच्या भाषेत व माध्यमात नोंदविण्याची सोय करणे, हे त्याच्या १२ व्या कलमाने शासनाचे कर्तव्य ठरविले. सप्टेंबर २०२३ मध्ये एका कर्णबधिर महिला वकिलाने दुभाष्याच्या साहाय्याने सर्वोच्च न्यायालयात काम चालविले, तेव्हा ही तरतूद कागदावरून प्रत्यक्षात उतरल्याचे समाधान वाटले.

तथापि एक विसंगती राहून गेली आहे. बालकांच्या खटल्यासाठी दुभाष्याची अर्हता नियमांनी सांगितली. परंतु साक्ष अधिनियमाच्या १२५ व्या कलमात ‘दुभाषी किंवा विशेष शिक्षक’ एवढेच शब्द आहेत. तो दुभाषी कोणत्या परीक्षेत उत्तीर्ण झालेला असावा, त्याची पारख कोणी करावी, याविषयी ते कलम बोलत नाही. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलीच्या साक्षीला जी हमी कायद्याने देऊ केली आहे, ती अठरा पूर्ण झालेल्या तिच्या बहिणीला त्या कलमात मिळत नाही.

मग उद्यापासून परवान्यावाचून कोणीही दुभाष्याचे काम करू नये, असा कडक कायदा करावा काय? येथे घाई करून चालणार नाही. कायदा कडक आणि दुभाषी विरळ, अशी स्थिती झाली तर खेड्यातील कर्णबधिर माणसाला वाईट दुभाषी मिळत होता, त्याऐवजी कोणीच मिळणार नाही. शिवाय ज्यांनी शाळेचे तोंड पाहिलेले नाही, असे अनेक कर्णबधिर आपल्याकडे आहेत. त्यांच्या खुणा घरात तयार झालेल्या असतात आणि त्या आईवडिलांखेरीज कोणाला कळत नाहीत. २०१५ साली कराचीहून भारतात परतलेली एक कर्णबधिर तरुणी पुढे काही वर्षे इंदूरला राहिली. तिच्या खुणांतून तिच्या गावाचा माग काढण्याचे प्रयत्न दीर्घकाळ चालले होते. तिची आई मराठवाड्यात असल्याची वार्ता आली ती २०२१ साली. केवळ पदविका मिळविलेला दुभाषी अशा ठिकाणी एकटा पुरा पडत नाही. याला अन्य देशांनी काढलेला उपाय असा की, दोन दुभाषी जोडीने काम करतात. त्यांपैकी एक स्वतः कर्णबधिर असतो. तो त्या व्यक्तीच्या घरगुती खुणा समजून घेऊन त्या प्रचलित सांकेतिक भाषेत मांडतो, आणि दुसरा त्यांचा बोलण्यात अनुवाद करतो. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला ‘परिसरातील पण हितसंबंध नसलेला’ दुभाषी अशा रीतीने सापडू शकतो.

यास्तव नियमन पायऱ्यापायऱ्यांनी व्हावे, असे मला वाटते. कोर्ट, पोलीस ठाणे आणि रुग्णालय येथे चूक झाली तर ती भरून येत नाही. तेथे नोंदणीकृत दुभाषीच असावा. सभासमारंभ व घरगुती प्रसंग यांना सूट असावी. परीक्षकांत कर्णबधिर व्यक्ती असल्याच पाहिजेत, कारण खुणा बरोबर आहेत की नाहीत हे सांगण्याचा पहिला अधिकार त्यांचा आहे. जोहान्सबर्गचा बनाव त्यांनीच ओळखला, हे विसरू नये. तक्रार खुणांच्या भाषेत, चित्रीकरण करून देण्याची सोय हवी. जिला लिहिता येत नाही तिला लेखी अर्ज करावयास सांगणे म्हणजे तक्रारीचे दार लावून घेणेच होय. आणि बालकांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत जे रजिस्टर ठेवावयाचे आहे, तेच सर्व वयाच्या लोकांसाठी खुले करावे. इंदूरला तुकोगंज पोलीस ठाण्यात कर्णबधिरांसाठी स्वतंत्र साहाय्य केंद्र चालविण्यात आले; मनात आणले तर हे जिल्ह्याच्या पातळीवर घडू शकते, याचे ते उदाहरण आहे.

कायद्याची वाट पाहत असताना आपल्यालाही काही करता येईल. आपल्या घरातील, शेजारातील किंवा कामावरील कर्णबधिर व्यक्तीवर जबानी देण्याचा प्रसंग आला, तर चार प्रश्न विचारावेत. दुभाष्याने सांकेतिक भाषेचे शिक्षण कोठे घेतले आहे? या प्रकरणातील कोणाशी त्याचे नाते वा हितसंबंध आहे काय? कोर्टात त्याला शपथ देण्यात आली आहे काय? आणि जबानीचे चित्रीकरण होत आहे काय? हे प्रश्न विचारण्यासाठी वकिलीची सनद लागत नाही. उत्तर समाधानकारक नसेल, तर तेथल्या तेथे नम्रपणे हरकत नोंदवावी. निकाल लागल्यानंतर ती नोंदवून फारसा उपयोग होत नाही.

आपण या लोकांना फार दिवस मूकबधिर म्हणत आलो. ऐकू न येणे ही त्यांची स्थिती आहे. मुकेपण मात्र पुष्कळदा आपण त्यांच्यावर लादलेले असते. राजस्थानातील ती स्त्री कोर्टात मुकी राहिली नव्हती. जे पाहिले ते तिने तेथे हातांनी सांगितले होते. तिचे ते सांगणे कोर्टापर्यंत बिनचूक पोचविणाऱ्या माणसाची हमी घेणे, एवढेच काम आपल्याकडे होते.